केळीचा चीक आणि दोन कुलपं

मी जन्माचीच संशयी. भाजीवालीने तागडी उचलली की माझी नजर वांग्यांवर नसते, तिच्या करंगळीवर असते. आमचे हे नेमके उलटे. जिनिंगमध्ये कारकून होते. दिवसभर कापसाच्या गासड्या मोजून घ्यायचे, पण घरी येताना कुणीही यावं आणि काहीही यांच्या गळ्यात मारावं. "माणसावर थोडा विश्वास ठेवत जा गं," असं मला सांगायचे. मी म्हणायचे, "तुम्ही ठेवता ना, तेवढा पुरे दोघांना."

आणि दिवसही असे होते, की संशय घेणाऱ्याला रिकामं बसायची वेळ येत नव्हती. इंग्रज गेले होते, संस्थानं विलीन होत होती, कुठला तालुका कुठल्या प्रांतात जाणार यावरून तापीच्या राजघाटावर धुणं धुणाऱ्या बायकासुद्धा भांडत होत्या. बाजारात मात्र माल नव्हता, आणि जो होता त्यात काहीतरी मिसळलेलं होतं. तुपात वनस्पती, चहात भुसा. रंगांचं तर विचारूच नका. चौकातल्या दुकानात रंगाच्या वड्या मिळायच्या. लाल म्हणून आणलेली वडी पाण्यात बुडवली की गुलाबी व्हायची आणि कागदावर वाळली की तेवढीही राहायची नाही. एकदा मी दुकानदाराच्या समोरच वडी चाटून बघितली. नुसता खडू! म्हटलं, "भाऊ, यात रंग कुठाय?" तर म्हणतो, "बाईजी, रंग विलायतेहून येऊन राहिला. बोट अटकली आहे." ती बोट पुढे कितीतरी वर्षं अटकलेलीच होती.

मला रंग लागायचे, कारण मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. शिकवत होते म्हणजे हंगामी. माझं माहेर जळगावकडचं. लग्नाआधी मी चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिलेल्या, चांगल्या पास झालेल्या. लग्नानंतर वाटेत इच्छापूरला देवीची ओटी भरून आम्ही इकडे बऱ्हाणपूरला आलो, तेव्हा मला कुठे ठाऊक, की आपण मुंबई इलाखा सोडून दुसऱ्या प्रांतात शिरलो आणि आपल्या परीक्षा मागेच राहिल्या? शाळेत प्रत्येक वेळी तेच. "बाई, तुमचे कागद तिकडचे आहेत." कायम होण्याचं नाव नाही. आणि मला ती नोकरी कायम हवी होती. पगार हवा होताच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हे हवं होतं, की कुणाची सून, कुणाची बायको यापलीकडे आपण कुणीतरी आहोत, हे कुणीतरी शिक्का मारून म्हणावं.

आता चिकाची गोष्ट सांगते. आमच्या थोरल्या दिरांचा केळीचा बगीचा गावाबाहेर, तापीच्या अंगाला. इकडे ज्या घरात केळी आहे त्या घरात मागच्या दाराशी एक खुंटी असते आणि त्या खुंटीवर केळीचे कपडे असतात. म्हणजे जुने सदरे, जुनी लुगडी, सगळी तपकिरी डागांनी भरलेली. बगीच्यात जायचं तर ती चढवूनच. पाहुणा आला तरी आधी त्याला डागाळलेला सदरा देतात, मग आत नेतात. हा आमच्याकडचा पाहुणचार. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी नवी नवरी, मोतिया रंगाचं चांगलं पातळ नेसून केळीत हिंडून आले. चार दिवसांनी पातळ धुतलं तर त्यावर हे एवढाले डाग! मला वाटलं, जाऊबाईंनीच मुद्दाम काहीतरी ओतलं. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते. शेवटी त्यांनीच हसत हसत मला बगीच्यात नेलं, एक दांडा कापला आणि ठिबकणारं पाणी माझ्या हातावर धरलं. "हा बघ चोर," म्हणाल्या.

चीक निघतो तेव्हा पाण्यासारखा असतो. थोडा चिकट, बस. कापडावर लावला की ओल दिसते, वाळला की काही म्हणजे काही दिसत नाही. मग हवा लागते, ऊन लागतं, सोड्याच्या पाण्यातून काढलं की आधी पिवळसर येतो, मग बदामी, मग कत्थई, आणि जिथे दोनदा लागला असेल तिथे जवळजवळ काळा. एकदा आला की जन्मात जात नाही. आणि मुख्य म्हणजे त्यात कुणी खडू मिसळू शकत नाही. तो झाडातून निघतो, आपल्या डोळ्यांदेखत. बाजारातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

पण असल्या रंगाने माणसाचा चेहरा काढून दाखवा! डोळा कुठे काढला ते नाक काढेपर्यंत वाळून गडप. मी प्रयत्न केला, नाही असं नाही. पहिल्यांदा मोर काढला. धुतल्यावर जे आलं त्याची चोच पिसाऱ्यात होती आणि पाय भलतीकडेच. ह्यांनी ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "वा, उंट फार छान आलाय." मला हसू आवरेना, पण त्या दिवशी एक समजलं. ज्याला ओळख लागते, नाव लागतं, ते या चिकात बसत नाही. जे खांद्याला आणि मनगटाला न बघता लक्षात राहतं तेवढंच बसतं. एक लांब पट्टा. त्याच्या शेजारी सोडलेली जागा. दांडा आडवा कापून त्याचा ठसा उमटवला की बारीक खणांची जाळी येते. ओलं असतानाच कापडाची घडी घालून दाबलं तर एकाच्या समोर दुसरं. असं करत करत माझी चित्रं कशाचीच राहिली नाहीत. मी काही ठरवून तसं केलं नव्हतं.

कापड म्हणजे ह्यांची विरलेली धोतरं. चित्र काढायला नवं कापड मागितलं असतं तर सासूबाईंनी मला वेड्यात काढलं असतं. विरलेल्या कापडावर चीक पसरतो, म्हणून विणकरांच्या गल्लीतून उरलेली खळ आणायची. ताणा कडक करायला ते जी पेज फासतात ती. ती धोतराला चोपडायची. खळ जाड बसली तर रेघ धारदार, पातळ बसली तर कडा फुटायच्या. आणि धोतर जिथे फारच झिजलेलं असेल तिथे मी काही काढायचेच नाही, कापड टिकायचं नाही म्हणून. पुढे कुणीकुणी विचारलं, बाई, ही जागा रिकामी का सोडली? काय सांगणार? तिथे ह्यांचा गुडघा होता.

त्या सुमारास नेपानगरला कागदाचा कारखाना उभा राहत होता आणि कुणी ना कुणी तिकडून वर्तमानपत्राचा कोरा कागद घेऊन यायचं. मी तो घेऊन बघितला. पण तसला कागद उन्हात आपला आपणच पिवळा पडतो. मग त्यातला माझा पिवळा कुठला आणि त्याचा कुठला? मी तो पुड्या बांधायला ठेवला आणि धोतरांवरच राहिले.

असं चाललेलं असताना शाळेत निरोप आला, की ज्यांचे कागद दुसऱ्या प्रांतातले आहेत त्यांचं काम बघायला नागपूरहून परीक्षक येणार. तेव्हा राजधानी नागपूर. परीक्षक म्हणतील हे काम बाईंचं स्वतःचं आहे आणि चांगलं आहे, तर कायम. नाही म्हटलं तर घरी.

साहेब आले. पांढराशुभ्र खादीचा कुर्ता, पांढरं धोतर, आणि इस्त्री अशी की माणूस खुर्चीवरसुद्धा जपून बसत होता. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शेजारी उभ्या. त्या इंदूरकडच्या, केळीचा आणि त्यांचा संबंध फक्त खाण्यापुरता. मी माझी सगळी कापडं टेबलावर मांडली. साहेबांनी एकेक उचलून उलटसुलट बघितलं. नखाने खरवडलं. नाकाला लावून वास घेतला. मला खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं. म्हटलं, हा माणूस आपल्याच पंथाचा दिसतोय.

"बाई, ही कुणी काढली?"

"मी."

"तसं नव्हे. मुळात कुणाची?"

"मुळात पण माझीच."

साहेब हसले. वाईट नव्हतं ते हसणं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाले, "अशी चित्रं हल्ली परदेशात काढतात. मी मासिकांत पाहिली आहेत. आयुष्यभर हुबेहूब चित्रं काढून, सगळं येत असताना ते सोडून, मग तिथली माणसं या जागेला पोचतात. तुम्ही बऱ्हाणपुरात बसून कशा पोचलात?"

"मी कुठे पोचले नाही, साहेब. रंग मिळत नव्हता."

"रंग मिळत नव्हता, मग हे काय आहे?"

"केळीचा चीक."

त्यांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंनी पंख्याकडे बघितलं. चोरी करताना पकडलेल्या माणसाने निदान चोरी तरी केलेली असते!

घरी येऊन मी पिशवी आदळली. "अहो, त्याची भाची असणार."

"कुणाची?" हे जेवायला बसले होते.

"त्या साहेबाची. माझ्या जागेवर तिला चिकटवायची असेल. डाळीत काहीतरी काळं आहे."

"त्याला भाची आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? प्रत्येकाला असते."

हे शांतपणे म्हणाले, "मग काढून दाखव ना त्याच्यासमोर." इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, म्हणून मी आणखीच चिडले. पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन साहेबांना तेच म्हटलं.

साहेब तयार झाले, पण अटी घातल्या. कापड ते स्वतः आणणार. त्याच्या कोपऱ्यात पक्क्या शाईने स्वतःची सही करणार, म्हणजे अदलाबदल नको. आणि चीक त्यांच्यासमोर झाडातून काढायचा, मी बाटलीतून आणलेला चालणार नाही. मी मनात म्हटलं, मी परीक्षक असते तर हेच केलं असतं. मग टांग्यातून आम्ही तिघं, साहेब, मोठ्या बाई आणि मी, दिरांच्या बगीच्यात गेलो.

जाऊबाई दारातच सदरा घेऊन उभ्या. डागांनी काळा झालेला, कोपरावर ठिगळ असलेला. "साहेब, हा घालून घ्या ना वरून. तुमचा कपडा खराब होऊन जाईल."

साहेबांनी त्या सदऱ्याकडे असं बघितलं, की जणू कुणी ताटात उष्टं वाढलंय. "नको," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, घाला, इथली रीत आहे." ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "बाई, माझी थट्टा करायला बोलावलंय का?" मग मी पण आग्रह सोडला. जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं.

घड नुकताच उतरवलेला होता. मी दांडा कापला. चीक ठिबकायला लागला तसे साहेब पुढे वाकले, दांडा स्वतःच्या हातात घेतला, फिरवून बघितला, पोकळीत काही भरलंय का ते बोटाने चाचपलं. त्यांच्या बाहीवर, छातीवर, धोतरावर थेंब पडत होते. जाऊबाई ओरडल्या, "अवो, तुमचा कुर्ता!" साहेबांनी हाताने झटकलं. "पाणीच तर आहे."

दोन फळ्या जोडून त्यावर मी कापड ताणलं. नवं कोरं, खळीचं, इतकं चांगलं कापड माझ्या हाताखाली कधी आलं नव्हतं, आणि कुठे झीज नाही, कुठे गुडघा नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. मग मी डोळे मिटून ह्यांचं धोतर आठवलं आणि सुरू केलं. पट्टे ओढले. दांड्याचे ठसे दिले. मधली जागा सोडली, तिच्या कडेने पुन्हा फिरवलं, घडी घातली, दाबलं, उघडलं. मी काढत होते आणि मागून मागून ते वाळून नाहीसं होत होतं. हात थांबला तेव्हा फळ्यांवर एक पांढरं कापड होतं आणि कोपऱ्यात साहेबांची निळी सही.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"झालं."

"चित्र कुठे आहे?"

"येईल."

"कधी?"

"चार-आठ दिवसांत. ऊन दाखवून धुतलं की येईल."

"म्हणजे तुम्ही हे घरी नेणार, उन्हात टाकणार, धुणार, आणि मग मी बघणार." साहेब सावकाश म्हणाले. "वा."

मी म्हटलं, "मग तुम्ही न्या." आणि म्हणताक्षणी मला भाची आठवली. हा घेऊन जाईल, विहिरीत टाकेल आणि सांगेल की काही आलंच नाही. म्हटलं, "नाही, तुम्ही पण नका नेऊ." आता मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. शेवटी असं ठरलं, की कापड शाळेच्या कपाटात ठेवायचं आणि कपाटाला दोन कुलपं लावायची. एक किल्ली साहेबांकडे, एक माझ्याकडे. साहेब दौऱ्यावर खांडव्याकडे जाणार होते, परत आले की दोघांच्या देखत उघडायचं.

कुलपं लागली आणि साहेबांचा टांगा गेला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई! बंद कपाटात ऊन कुठे? वारा कुठे? मी आजवर चीक कधी अंधारात ठेवलेलाच नव्हता. आला नाही तर? मी जीव मुठीत धरून ते दिवस काढले. मधल्या सुट्टीत जाऊन कपाटाला हात लावायचे, फटीला नाक लावून वास घ्यायचे. मोठ्या बाईंनी ते बघितलं आणि आपली खुर्ची उचलून कपाटाला टेकवून ठेवली. म्हणजे आता तिसरी पण संशयी झाली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू त्याच्यावर नाही, तो तुझ्यावर नाही, आणि कोंडलं बिचाऱ्या चित्राला." मला ते फार लागलं.

साहेब आले ते तणतणत. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. टेबलावर आपटलं आणि उघडलं. त्यांचा कुर्ता! बाहीवर, छातीवर, सगळीकडे तपकिरी डाग. "खांडव्याच्या धोब्याशी मी भांडलो," म्हणाले. "तो शपथा घेत होता की माझ्याकडून नाही झालं. बाई, तुम्ही काय टाकलंत माझ्या अंगावर?"

मी हसले. आवरायला हवं होतं, पण नाही आवरलं. "साहेब, पाणीच तर होतं."

त्यांनी कुर्ता बाजूला सारला. किल्ली काढली. मी माझी काढली. कपाट उघडलं, कापड पसरलं. फिकट, अगदी फिकट पिवळ्या काही रेघा, त्याही वाकून बघितल्या तर. साहेब सरळ उभे राहिले. "हे?"

"धुवावं लागेल."

"आता तुम्ही धुणार?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही धुवा. तुमच्या धोब्याने धुतलं तसं. मी हात लावणार नाही, तिकडे भिंतीशी जाऊन उभी राहते."

साहेबांनी खरंच बाह्या वर केल्या. शिपायाने बादली आणि धुण्याचा सोडा आणला. शाळेच्या अंगणात, उन्हात, नागपूरचे परीक्षक उकिडवे बसून कापड चोळायला लागले. "मला सवय नाही याची," पुटपुटले. "एकुलता एक मी, घरी कुणी कधी करू दिलं नाही." एकुलता एक. म्हणजे भाची नाही. बायकोकडून असू शकते, पण तेवढं मी सोडून दिलं.

आणि मग आलं. त्यांच्या हातातच आलं. बादलीतून वर ओढलं तेव्हा बदामी होतं, पिळून झटकलं तेव्हा गडद, आणि दोरीवर टाकून सगळे बघत उभे राहिलो तसतसं आणखी चढत गेलं. पट्टे, जाळ्या, घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आलेले आकार, आणि मध्ये ती सोडलेली जागा. कोपऱ्यात सही. मोठ्या बाई म्हणाल्या, "अरे देवा." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलं पण नाही.

साहेबांनी जवळ जाऊन आपली सही तपासली. मग माझ्याकडे वळले. "हे असं येणार, हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"अर्धं."

"मग उरलेलं अर्धं कुणाचं? झाडाचं? खळीचं? रंग मिळाले असते तर तुम्ही हे काढलं असतं का?" आता त्यांच्या आवाजात तपास नव्हता, खरंच विचारत होते. पण मला ते सहन झालं नाही. म्हणजे आता परदेशातल्या माणसाच्या हातून सुटले तर केळीच्या हाती सापडले! मी टेबलावरचा कुर्ता आणला आणि दोरीवर कापडाच्या शेजारी टाकला.

"साहेब, हाही त्याच झाडाचा चीक. त्याच दिवसाचा. हेही कुणाला आधी दिसत नव्हतं. हा कुर्ता झाडाने एकट्याने काढलाय. आणि हे मी काढलंय. बघा आता."

दोन्ही कापडं वाऱ्यावर हलत होती. एकावर नुसते डाग होते. दुसऱ्यावर डागांनी कुठे थांबायचं ते कुणीतरी सांगितलेलं होतं. हे शिपायालाही दिसत होतं. साहेबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "तुमचंच आहे, बाई. शंका नाही." माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं गोड बोललेलं नाही.

मी कायम झाले. साहेबांनी माझी सगळी कापडं, टेबलावरची आणि ते धुतलेलं, फाइलला पुरावा म्हणून जोडायला नागपूरला नेली. द्यायला माझा हात होईना. ह्यांनी समजावलं, सरकारकडे आहेत, कुठे जातात? मग दिली.

नोकरीबरोबर शाळेला रंगांची पेटी आली. खऱ्या ट्यूबा, दाबलं की रंग. आणि तक्ते आले. कमळाचा तक्ता, पोपटाचा तक्ता, फुलदाणीचा तक्ता. मुलींना ते बघून काढायला शिकवायचं, हे काम. मी त्या रंगांनी घरी माझं माझं काढायला बसले होते एकदा, पट्टे, जागा, तसंच. पण तिथे सगळं लगेच दिसायचं. दिसलं की माझा स्वभाव जागा व्हायचा. हा पट्टा असाच का? इथेच का? पुसा, परत काढा, परत खरवडा. कागदाला भोक पडेपर्यंत. चिकाने मला शंका घ्यायला जागाच ठेवलेली नव्हती, म्हणून तर मी काढू शकत होते. एवढ्या मोठ्या आयुष्यात मी न बघता विश्वास टाकला तो एका झाडाच्या पाण्यावर. मग चिकाकडे परत का गेले नाही? गेले होते. पण कायम झालेल्या बाईची नखं तपकिरी दिसली तर मोठ्या बाई मुलींसमोर बोलायच्या, घरी सवडही कमी झाली, आणि ह्यांची धोतरंही आता वेळेवर नवी येत होती. कसं कसं सुटलं ते कळलंही नाही.

मग राज्यं नव्याने आखली. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि आमची राजधानी भोपाळ झाली. कागदपत्रांची वाटणी झाली म्हणे. मी ह्यांच्याकडून चौकशी करवली. भोपाळवाले म्हणाले नागपूरला विचारा, नागपूरवाले म्हणाले सगळं भोपाळला दिलं. माझी कापडं कुठल्या राज्यात गेली, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

साहेब मात्र मध्य प्रदेशच्या वाट्याला आले होते. पुढे तपासणीला आमच्या शाळेत आले. केस पिकले होते, इस्त्री तशीच. मी वर्गात एकटी होते. विचारल्याशिवाय मला राहवलंच नाही.

"साहेब, माझी कापडं?"

"कुठली कापडं?"

"चिकाची. तुम्ही धुतलं होतं. या अंगणात."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, ढोंग नव्हतं. ढोंग मला लगेच कळतं. "हां, हां," म्हणाले, "ते डागांचं काहीतरी. माझा एक चांगला कुर्ता गेला होता बघा त्यात." आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे मी वर्गासाठी काढलेलं कमळ होतं. तक्त्यावरून, पाकळी न् पाकळी मोजून, पेटीतला गुलाबी जसाच्या तसा लावून. साहेब जवळ गेले, हात मागे बांधून उभे राहिले आणि खुशीने म्हणाले, "हे मात्र सुंदर. कुणी काढलं हे विचारायलाच नको. हात ओळखू येतो तुमचा."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता. झाला नाही. "हो, साहेब," म्हटलं.

घंटा झाली. मुली आत आल्या, पाट्या-कागद काढून बसल्या. मी कमळाखाली उभी राहिले आणि त्यांना म्हटलं, "बघून काढा. अगदी जसंच्या तसं."